स्थळ: लीलाघर

सोमवार, ता. ६

दादा,

आधी नमस्कार. घेतलास तर उत्तम, नाही घेतलास तर दाराबाहेर ठेवलाय असं समज, नासणार नाही. कागद पाठकोरा आहे त्याचा राग मानू नकोस. मागे किराण्याची यादी आहे, ती तुझ्यासाठी नाही.

फोन तू माझाही उचलत नाहीस, ह्यांचाही नाही. पत्राचं बरं असतं, ते उचलावं लागत नाही, फटीतून आपणच घरात शिरतं.

चिमणीच्या लग्नाची बोलणी झाली त्या दिवशी तू अर्धा कप चहा तसाच ठेवून उठलास आणि जिन्यात मला म्हणालास, "ही बहिरी, तो बहिरा. घरात बोलणार कोण, भिंती?" चिमणीला शब्द ऐकू गेले नाहीत, पण तिने तुझी पाठ बघितली. पाठ तिला आपल्यापेक्षा चांगली वाचता येते. आत येऊन म्हणाली, "मामा गेला. परत नाही." तिच्या बोलण्यात प्रश्नचिन्ह कधी ऐकू येत नाही, त्यामुळे ती विचारत होती की सांगत होती ते कळलं नाही. मी म्हटलं, येईल. देवाला स्मरून सांगते, खोटं बोलायची मला सवय नाही. तेव्हा आता ते खरं करणं तुझ्याकडे लागलं.

तुझं दुखणं मला कळतं. पोरीला जन्मापासून ऐकू येत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा हे आणि मी नुसते बसून राहिलो होतो. आणि तू, जन्मभर माईक आणि कर्णे भाड्याने देणारा माणूस, म्हणालास, "हिला मी चिवचिवायला लावीन." चिमणी हे नाव तूच ठेवलंस. दर रविवारी यायचास, तिचा तळवा स्वतःच्या गळ्यावर धरायचास आणि 'म' म्हणायचास, 'ब' म्हणायचास. तिच्या तोंडून काही निघायच्या आधी तुझाच आवाज बसायचा. शेवटी तिने पहिला शब्द उच्चारला तो 'मामा'. 'आई' नाही. घरात खुणा करायच्या नाहीत हा तुझा दंडक होता. हात सुटले की जीभ बांधली जाते, म्हणायचास. म्हणून मला आजही तिच्या भाषेतले चारच शब्द येतात: ये, जेव, झोप, ताप. पुढे ती कामाला लागली, तिथे तिच्यासारखी माणसं भेटली, ती हातांनी बोलायला शिकली आणि हातांनीच बोलणारा एक सुतार तिने पसंत केला. तुला वाटलं, सगळं पाणी पालथ्या घड्यावर गेलं.

असो. लिहायला बसले ते वेगळंच. मुलीसाठी स्थळ बघायचं आमच्या नशिबात नव्हतं, तिचं तिनेच बघितलं. मग म्हटलं, लग्नाचं स्थळ तरी मी बघते. बाजाराच्या मागे नवा हॉल झालाय. तू शिकवलं होतंस तसं दारातून आत गेल्या गेल्या मी एक टाळी वाजवली. टाळी परत आली तर हॉल वाईट, भिंतीत मुरली तर चांगला. मुरली. जाड पडदे, मोठाले खांब, पिवळे दिवे, काय थाट! तिथला मॅनेजर म्हणजे तुपात घोळलेला माणूस. म्हणाला, "बाई, आमची साऊंड सिस्टिम अशी आहे की शेवटच्या रांगेतल्या आजोबांना नवरीचा हुंदकासुद्धा ऐकू जाईल." हे म्हणाले, "आमच्याकडे हुंदके मी देणार आहे. माईक माझ्याकडे फिरवा."

विसार देऊन आले. घासाघीस केली, पण दिला. आता एकाच गोष्टीचा निकाल बाकी आहे, तुझ्या येण्याचा.

तुझी धाकटी


शुक्रवार, ता. १०

दादा,

हॉल गेला, त्याच्याबरोबर विसारही गेला. विसाराचं दुःख एक रात्र केलं, आता संपवलं.

चिमणी काल कामावरून परस्पर तिकडे आली. चष्म्याच्या कारखान्यात ती भिंगं तपासते हे तुला माहीत आहे. कुठे एक केसाएवढा ओरखडा असला तरी तिच्या नजरेतून सुटत नाही. तर ती आली, मॅनेजरकडे बघून हसली आणि हॉलभर एकटीच फिरली. मागच्या रांगेत बसली. उठून खांबाआड बसली. दिव्यांकडे मान वर करून बघितलं. मग माझ्यासमोर आली आणि तोंडाने म्हणाली, "आई. इथे मी बहिरी आहे."

मी म्हटलं, "अगं, तू तर..." आणि जीभ चावली. तिने ओठ वाचलेच असणार. रागावली नाही. मला दंडाला धरून एका खांबामागे उभं केलं, स्वतः स्टेजवर गेली आणि हातांनी काहीतरी बोलायला लागली. मला नुसतं एक कोपर दिसत होतं. मग ती स्टेजमागच्या मोठ्या खिडकीसमोर उभी राहिली. उजेड मागून येत होता. बघता बघता माझी मुलगी काळ्या कागदाची कापून चिकटवल्यासारखी झाली, तिला चेहराच राहिला नाही. परत येऊन म्हणाली, "खांब म्हणजे कानात बोळा. मागून उजेड म्हणजे..." शब्द सापडेना, तेव्हा तिने सरळ आपला तळवा माझ्या तोंडावर दाबून धरला.

दादा, मी चपला घ्यायला गेले आणि माप घेऊन आले डोक्याचं! टाळी वाजवून हॉल निवडला, कुणासाठी? लग्नाला निम्मी माणसं तिची नि त्याची, सगळी डोळ्यांनी ऐकणारी.

घरी येताना मी ह्यांना म्हटलं, इतकी वर्षं आपण तिला ऐकू येत नाही एवढंच धरून चाललो. तिला आपल्याला न दिसणारं दिसतं, हे आपल्या कधी लक्षातच आलं नाही. हे रस्त्यातल्या प्रत्येक दिव्याकडे मान वर करून बघत होते.

दुसरं स्थळ शोधते आहे. तू कसा आहेस, खोकला कमी आहे का, हे विचारायचं राहिलं होतं.

तुझी बहीण


मंगळवार, ता. २१

दादा,

तुझं उत्तर नाही. माझ्याकडे पाठकोरे कागद भरपूर आहेत.

हॉल बघून बघून पायाचे तुकडे पडलेत. आता टाळी वाजवत नाही. ह्यांना पार टोकाला उभं करते आणि म्हणते, बोटं दाखवा. हे बोटं दाखवतात, मी इकडून आकडा ओरडते. एका हॉलवाल्या बाईंनी हे सगळं बघितलं आणि विचारलं, "तुम्हाला लग्नासाठी जागा हवी आहे की चष्म्याचा नंबर काढायचाय?" एका ठिकाणी हिरवळ होती, फार गोड जागा, पण दिवस कलला की अंधार. एका शाळेच्या सभागृहात उजेड छान होता, पण सगळे बाक एकामागे एक. चिमणी म्हणाली, "सगळे एकमेकांची मान बघणार." मला हे कधी सुचलंच नव्हतं. आपण मागून हाक मारतो, बोलतो, कुजबुजतो. त्यांना समोरासमोर बसावं लागतं. त्यांच्या बोलण्यात पाठीमागून कुणी काही करू शकत नाही.

शेवटी जावयाने जागा काढली. (जावई म्हणते मी त्याला आतापासूनच, तुला खुपलं तरी.) त्याने खिशातली पेन्सिल काढून लाकडाच्या तुकड्यावर लिहून दाखवलं: जुनं लिलावघर. तिथले बाक त्याने दुरुस्त केलेत. माल विकायचा बाजार गावाबाहेर गेला तेव्हापासून ते नुसतं पडून आहे. हे लगेच म्हणाले, "लिलावघर? तिथे लग्न? लोक म्हणतील बापाने पोरीचा लिलाव मांडला!" मी म्हटलं, बघायला पैसे पडत नाहीत.

तर गेलो. बाहेरून काही नाही, गोदामासारख्या भिंती, रंग उडालेलं लोखंडी दार. दार ढकलून मी आत पाऊल टाकलं आणि दादा, मला काय झालं कोण जाणे, मी उंबऱ्यातच चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने आपल्याही काढल्या.

घोड्याच्या नालासारखी जागा आहे. मध्ये मोकळी जमीन, तिच्या तिन्ही बाजूंनी लाकडी पायऱ्या वर वर चढत जातात. एकही खांब नाही. एवढं मोठं छप्पर कशावर उभं आहे असं म्हणून मी वर बघितलं तर वर लोखंडी कमानी, आणि एका अंगाला काचाच काचा. ऊन आत येत नाही, नुसता उजेड उतरतो. पायरीवर कुठेही बसा, प्रत्येकाचा चेहरा दिसतो. आणि प्रत्येकाला तुमचा. देवाला आपण सगळे एकाच वेळी कसे दिसत असू, असा मला लहानपणी प्रश्न पडायचा. त्या पायरीवर बसल्यावर वाटलं, असेच दिसत असू.

राखण करायला एक म्हातारबुवा आहेत. पूर्वी तिथेच बोली पुकारायचे, अजून सगळे त्यांना बोलीवाले म्हणतात. मी विचारलं, एवढ्या लांबून पुकारलेलं ऐकू यायचं का हो? ते हसायला लागले. "ताई, गोंगाट असा असायचा की शेजारचा शिंकला तरी पत्ता लागायचा नाही. तोंड काय, खायला! सौदा सगळा बोटांवर. त्या टोकाला कुणी नुसती भुवई उचलली की गाडीभर माल गेला." आणि त्यांनी करून दाखवलं. दोन बोटं हनुवटीला, तळवा छातीवर, मूठ उघडून मिटली.

जावई बघत होता. तो दोन पावलं पुढे आला आणि एका मोडक्या बाकाकडे बोट करून त्याने तशीच मूठ उघडली, मिटली. म्हाताऱ्याचे डोळे चमकले. त्याने तीन बोटं दाखवली. जावयाने नाक मुरडून एक दाखवलं. म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला. हा पाठ फिरवून निघाला, तर म्हाताऱ्याने त्याला ओढून परत आणलं. दोघांची भाषा वेगळी, दोघांची जन्मात ओळख नाही, आणि दोघे त्या बाकाचा सौदा करताहेत, भांडताहेत, हसताहेत! चिमणी डोळ्यांत पाणी येईतो हसत होती. शेवटी म्हातारा धापा टाकत म्हणाला, "पक्का आहे हो तुमचा जावई. बाजारात असता तर मला विकून खाल्लं असतं."

घरी आल्यावर हे पुन्हा तेच, "जागा सुरेख आहे, पण नाव! पत्रिकेवर काय छापायचं, स्थळ: लिलावघर?" दोन दिवस झाले, आमच्यात त्यावरच चाललंय. तू असतास तर कुणाच्या बाजूने बोलला असतास?

तुझी,
पाय दुखणारी


सोमवार, ता. २७

दादा,

काल जे बघितलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सांगण्यासारखा तूच आहेस. तू वाचशील की फाडशील ते तुझ्यापाशी.

जागा पारखायला चिमणीने तिच्या न् जावयाच्या मित्रमंडळींना बोलावलं होतं. सकाळी सगळी आली. मी, हे आणि बोलीवाले असे तिघं खालच्या पायरीवर एका कडेला बसलो होतो, परक्या गावच्या स्टेशनावर बसावं तसे. ती मंडळी आत आली, वर बघितलं, आजूबाजूला बघितलं आणि एकेकाचा चेहरा असा उजळत गेला की काय सांगू. मग ती पांगली. कुणी या टोकाला, कुणी पार वरच्या पायरीवर, कुणी खाली मध्यभागी. आणि बोलायला लागली.

दादा, एवढ्या लांबून! या टोकाचा त्या टोकाशी बोलतोय, त्यांच्या मधून वरची बाई खालच्या मुलाशी बोलतेय, ही त्याला टोमणा मारतेय, तो तिला उत्तर देतोय, आणि कुणाचं बोलणं कुणाच्या बोलण्यात अडकत नाही. आपण चौघं एका खोलीत बोलायला लागलो तर मासळी बाजार होतो. इथे पन्नासेक माणसं एकाच वेळी बोलत होती आणि मला काय ऐकू येत होतं, तर कपड्यांची सळसळ, लाकडावरची पावलं, मध्येच कुणाचं हसू. आपण देवापुढे डोळे मिटून बसतो तेव्हा एक शांतता उतरते ना, तसली. पण ती रिकामी नव्हती. ती गच्च भरलेली होती. माझे हात आपोआप जोडले गेले. बोलीवाले डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेऊन बसले होते.

मग चिमणी मधल्या मोकळ्या जागेत गेली. तिथे उभी राहून तिने काहीतरी सांगायला सुरुवात केली. एकेक जण आपलं बोलणं थांबवून तिच्याकडे वळला. तिचे हात असे चालत होते की माझी नजर मागे पडत होती. खांदे, भुवया, गाल, सगळं बोलत होतं. आणि लोक हसायला लागले. आधी चार-दोन, मग सगळेच. वरच्या पायरीवरचा एक जाडा मुलगा पोट धरून खाली बसला. ती थांबायची, सगळ्यांचं हसू ओसरू द्यायची आणि मग अगदी गंभीर तोंड करून पुढचं सांगायची, की पुन्हा हशा. एवढ्या माणसांना ती एका बोटावर खेळवत होती.

मी जावयाला खुणेने विचारलं, काय? त्याने फोनवर लिहून दाखवलं: "तुमची नक्कल. हॉल बघायला गेलेली आई. टाळी. मग बाबांची बोटं." मी पुन्हा बघितलं. खरंच की! ती मीच होते! पदर खोचणं माझं, मॅनेजरकडे संशयाने बघणं माझं, पिशवी काखेत घट्ट धरणं माझं. लाजू की हसू कळेना.

दादा, आपली चिमणी विनोदी आहे. तुला माहीत होतं? मला नव्हतं. मी तिला जन्म दिला, तिचं सगळं केलं, आणि मला ती अबोल वाटत आली. घरी ती मोजके शब्द बोलते, कारण प्रत्येक शब्द तिला ओझं उचलावं तसा उचलावा लागतो. आपण म्हणायचो, शांत आहे पोर, गुणाची आहे. गुणाची कसली, वाचाळ आहे ती! भवानी आहे! तू तिला चिवचिवायला लावीन म्हणाला होतास ना? मग ये आणि बघ, तिच्या चिवचिवाटाने सगळं छप्पर भरलं होतं.

बोलीवाल्यांनी ह्यांना विचारलं, "मग साहेब, काय ठरलं?" ह्यांनी नुसती भुवई उचलली. म्हातारा म्हणाला, "सौदा झाला."

मी आता तिच्याकडून रोज भाषा शिकणार आहे. आज 'उजेड' शिकले. मूठ वर धरायची आणि बोटं हळूहळू उघडायची, आपल्या चेहऱ्यावर काही सांडल्यासारखी.

तुझी बहीण


शनिवार, ता. ९

दादा,

सोबत पत्रिका. स्थळाच्या ओळीकडे बघून हसू नकोस, किंवा हस, पण मग मला कळव.

झालं असं की छापखानेवाले सद्गृहस्थ. त्यांना मी माझ्या मॅट्रिकच्या अक्षरात स्वच्छ लिहून दिलं होतं, स्थळ: जुने लिलावघर. त्यांना वाटलं, बाईंची चूक झाली, लग्न कुणी लिलावघरात करतं का? त्यांनी आपल्या मनाने ती सुधारली आणि सगळ्याच्या सगळ्या पत्रिका छापून पाठवल्या. स्थळ: जुने लीलाघर.

हे डोक्याला हात लावून बसले. "लोक लीलाघर शोधत गावभर फिरतील." छापखानेवाले ओशाळून म्हणाले, "वहिनी, पुन्हा छापून देतो, अर्ध्या दरात." अर्ध्या दरात म्हणजे तरी दर पडणारच की! आणि खरं सांगू, मला ती ओळ खोडवेना. त्या रविवारी मी जे बघितलं त्याला दुसरं काय नाव द्यायचं? माझ्यासारखी बाई मनात एक नाव शोधत होती, सापडत नव्हतं, ते एका परक्या माणसाने चुकून शिशाच्या खिळ्यांत जुळवून दिलं. देव असाच काम करतो, दुसऱ्याच्या हातून आणि चुकीच्या बहाण्याने. चिमणीला दाखवलं तर ती 'व' कुठे गेला म्हणून हसत सुटली. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मामाला पाठवली?"

या वेळी प्रश्नचिन्ह ऐकू आलं मला.

म्हणून तुझ्या पत्रिकेवर तेवढं पेनने लिहिलंय: जुना माल-बाजार, लोखंडी दार. चुकू नकोस.

दादा, आता सरळ विचारते. येणार आहेस का? माझ्यासाठी येऊ नकोस, माझं तुझं जुनं आहे, फाटलं तरी शिवता येईल. तिच्यासाठी ये. तू आला नाहीस तर ती रडणार नाही, तमाशा करणार नाही. पण तुझी ती जिन्यातली पाठ तिला शेवटपर्यंत दिसत राहील, आणि तिची नजर कशी आहे ते तुला ठाऊक आहे, एकदा बघितलेलं पुसत नाही.

कर्णे आणू नकोस, माईक आणू नकोस. हात हलवत ये. तिथे ऐकायला फारसं काही नाही, बघायला आहे.

तुझ्या उत्तराची वाट बघून बघून पोस्टमनशी मात्र ओळख वाढलीय. त्यालाही पत्रिका दिली.

तुझी धाकटी


सोमवार, ता. २५

दादा,

तुला वाटलं असेल, मला कुणी बघितलं नाही. अरे, त्या जागेत खांब नाहीत. लपायला कुठे जाशील?

तू जेवायला थांबला नाहीस म्हणून रागाने लिहायला बसले होते. पण राग टिकेना. काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. उरलेलं सांगते.

वचन म्हणायची वेळ आली तेव्हा जावयाने आधी म्हटलं, हातांनी. त्याची सगळी मंडळी बघत होती, आपली मंडळी त्यांच्या तोंडाकडे बघून अंदाज बांधत होती. मग चिमणीची पाळी. तिने हात उचलले, आणि बोलायच्याऐवजी दोन्ही हात त्याच्या हातांत देऊन टाकले. सगळी तिची माणसं चमकली. हात दिल्यावर मुलगी बोलणार कशाने? ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. आम्हा दोघांनाही यातलं काही माहीत नव्हतं.

ती तोंडाने बोलायला लागली. शाळेत पोरांनी हसून हैराण केल्यापासून चार माणसांत तिने आवाज काढला नव्हता हे तू जाणतोस. पहिला शब्द मला ऐकू आला, मी जवळ होते. मागच्यांना नाही. दुसरा मलाही नाही. कुणीतरी कुजबुजलं, काय म्हणतेय? आपली माणसं पुढे वाकली. तिला स्वतःचा आवाज किती मोठा हे कळणार कुठून? मला वाटलं उठावं, जाऊन सांगावं, पण कसं सांगावं? महिनाभर शिकलेलं ऐन वेळी आठवेना, आठवलं ते 'ये, जेव, झोप, ताप, उजेड', यातलं कोणतं सांगू?

तेवढ्यात तिची नजर त्याच्यावरून सुटली आणि माझ्या डोक्यावरून वर गेली, पार वर, दाराकडे. मी मान वळवली.

तू कामाच्याच कपड्यांत उभा होतास, शेवटच्या पायरीच्याही मागे. एक हात पुढे, तळवा वर, आणि तो तू हळूहळू उचलत होतास, तराजूत काही तोलून धरल्यासारखा. तुझा हात जसा चढला तसा तिचा आवाज चढला. जास्त झाला, तेव्हा तू तळवा पालथा करून थोडा दाबलास. ती उतरली. मग तुझा हात तसाच हवेत थांबला, आणि दादा, त्या हाताखाली माझी मुलगी बोलली. जाडाभरडा आवाज, पाण्याखालून आल्यासारखा, शब्दांचे काठ झिजलेले. पण त्या छपराखाली प्रत्येकाला ऐकू गेला. ज्यांना ऐकू येत नाही ते तिचा चेहरा बघत होते, ज्यांना येतं ते श्वास धरून ऐकत होते, आणि जावई तिच्या बोटांतून येणारी थरथर धरून उभा होता. एवढी माणसं एका वेळी एकच गोष्ट ऐकताना मी जन्मात बघितली नव्हती. तिचं संपलं तेव्हा तू अंगठा आणि बोट जुळवून एक गोल दाखवलास. मी डोळे पुसून वर बघेपर्यंत दारात नुसता उजेड होता.

जेवणं झाल्यावर मी चिमणीला विचारलं, मामा हे काय करत होता? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी तिला पाणी म्हणजे काय हे विचारलं. लहान असताना तू तिला कामावर न्यायचास, मशीनच्या पेटीवर बसवायचास. तू सभागृहाच्या शेवटी, बोलणारा स्टेजवर, आणि तू तिथून हातांनी सांगायचास: वाढव, कमी कर, माईक जवळ घे, थांब, छान. ती तुझ्याशेजारी बसून बघायची. "मामाचे हात," ती म्हणाली. "माझे पहिले शब्द. 'मामा'च्या आधीचे."

पुढचंही मीच सांगून टाकते.

तिच्या त्या मित्रमंडळींनी तुला बघितलं होतं. सगळ्यांच्या माना वळल्याच होत्या. निघताना तो जाडा मुलगा तिच्याकडे आला आणि घाईघाईने काहीतरी विचारून गेला. मी म्हटलं, काय विचारत होता गं? ती म्हणाली, "मागे उभा होता तो माणूस आपल्यातला दिसतोय, कुठल्या शाळेत शिकला, विचारतो."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, माझ्याच."